माथेरानचं आजोबांचं घर विकायचंय, दुरुस्ती झालीय, समोर दरी आहे, पण घेणाऱ्याला काय काय सांगायचं?

दादर_पूर्व
नमस्कार. इथे वाचत असते नेहमी, पण स्वतः धागा पहिल्यांदाच काढतेय. मोठा झालाय, वाचाल ही विनंती.

माथेरानला आमच्या आजोबांनी 1961 साली घेतलेलं घर आहे, लुईझा पॉइंटच्या अंगाला, नेमकी जागा इथे लिहीत नाही. जांभ्याच्या जाड भिंती, सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं, पुढे लांबलचक व्हरांडा आणि त्या व्हरांड्यातून पश्चिमेची सगळी दरी, समोर प्रबळगड. हवा स्वच्छ असेल तर रात्री पनवेल-नवी मुंबईकडचे दिवे दिसतात. आमच्या सगळ्या भावंडांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथेच गेल्या.

घराची पूर्ण दुरुस्ती करून घेतलीय. कौलं उतरवून वाशे-रिपा बदलल्या, वायरिंग नवं, न्हाणीघरं नवी, संडासाची टाकी नवी, भिंतींचा गिलावा नवा. मग विकताय कशाला असं कोणी विचारेल, तर दुरुस्ती काढली तेव्हा घर ठेवायचंच होतं. मधल्या काळात बाबांचे गुडघे गेले, काकांची बायपास झाली आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे माथेरानात गाडी न्यायला बंदी, त्यामुळे ज्यांचं तिथे खरं मन रमायचं तीच माणसं जाईनाशी झाली. आम्ही पुढचे सगळे दादर, ठाणे, पुणे, एक चुलतभाऊ कॅनडात. बंद घर त्या पावसात टिकत नाही, म्हणून जो येऊन-जाऊन राहील अशा कुटुंबाला द्यावं असं सगळ्यांचं ठरलं.

आता अडचण. एजंट म्हणतो की दिवाळीनंतर दाखवा, तेव्हा आकाश निळं असतं, दरी दिसते, फोटो छान येतात, जुलैत पार्टी आली तर ढगाशिवाय काही दिसणार नाही आणि घरात ओल जाणवेल. दुसरं, स्वयंपाकघराच्या दरीकडच्या कोपऱ्याला एक जुना तडा आहे, तो इंजिनियरला दाखवून त्याचं काम केलंय, तरी खूण मुद्दाम उघडी ठेवलीय. एजंट म्हणतो पुट्टी मारून रंग द्या, विषय संपवा. मला हे पटत नाहीये. घर घेणाऱ्याने ते भर पावसात बघावं आणि तडाही बघावा असं माझं मत, पण घरात निम्मे लोक म्हणतात तू उगाच भाव पाडतेयस. तुम्ही काय कराल?

मुलुंड_चेकनाका
ताई, धंद्याच्या हिशेबाने एजंट अगदीच चूक नाही हो. लोक वीकेंड होमसाठी पैसे मोजतात ते व्ह्यूसाठी, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत व्ह्यू नसतोच, समोरचं झाड दिसलं तरी खूप. मी स्वतः लोणावळ्याला सेकंड होम घेतलंय आणि डिसेंबरमध्ये बघूनच घेतलं, सगळे तसंच घेतात. दिवाळीनंतर दाखवा, मात्र कोणी तोंडावर विचारलं तर खरं सांगा, एवढं पुरे आहे असं मला वाटतं. आणि भिंत, तडा हे सगळं नंतर, आधी जमीन कोणाची आहे ते सांगा. माथेरानला बरेच प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे असतात ना?

दादर_पूर्व
हो, आमचाही भाडेपट्ट्याचाच आहे, घर आमचं, जमीन सरकारची. पट्ट्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. वारस नोंदीचा अर्ज दिलाय. आजोबांचं मृत्युपत्र नव्हतं. त्यांना तीन मुलगे, दोन मुली, म्हणजे माझे बाबा, दोन काका आणि दोन आत्या. मोठे काका आता नाहीत, कॅनडातला भाऊ त्यांचाच.

काळा_कोट
वकिली करतो म्हणून लिहितो, पण तुमचे कागद न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा.

पहिलं म्हणजे दोन्ही आत्यांच्या सह्या. पुष्कळ घरांत समज असतो की मुलींचा हक्क वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने आला, त्याआधीची लग्नं झालेली असतील तर त्यांचं काही नाही. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घर घेतलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगा-मुलगी-विधवा सगळ्यांना सारखा हिस्सा. त्यामुळे आत्या एकतर विक्रीला सही करतील नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र देतील, तोंडी "आम्हाला काही नको" चालत नाही. त्यांना काही नको असेल तरीही कागदावर हवं, आणि त्यांना हवं असेल तर ते त्यांचं आहे, ह्यात कोणी रुसायचं कारण नाही. मोठ्या काकांच्या जागी त्यांची पत्नी आणि सगळी मुलं येतील, एकटा मुलगा नाही, तेवढं तपासा.

कॅनडातल्या भावाने तिथून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं तर ते आपल्या वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि भारतात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. हे पुढे ढकलतात आणि नोंदणीच्या दिवशी धावपळ होते.

भाडेपट्टा असेल तर तुम्ही विकताय ते घर आणि पट्ट्याचा उरलेला हक्क. मूळ पट्टा बाहेर काढा. मुदत कधी संपते, नूतनीकरणाची अट काय, हस्तांतरणाला आधी परवानगी लागते का, सरकारला काही रक्कम भरावी लागते का, वापर फक्त राहण्यासाठी लिहिलाय का, हे सगळं त्यात असतं. ती परवानगी हातात येईपर्यंत मोठा बयाणा घेऊ नका, देणाऱ्यानेही देऊ नये. मुदत थोडी उरली असेल तर बँक कर्जाला नाही म्हणते आणि तुमचा खरेदीदार तिथेच गळतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. मिळकतीत किंवा मालकीहक्कात जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो सांगणं हे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो लपवणं ही कायद्याच्या नजरेत फसवणूक. उघडा तडा दिसतो. पुट्टीखालचा दिसत नाही. पुट्टी मारायचा सल्ला देणाऱ्याची सही करारावर नसणार आहे, तुमची असणार आहे.

मुलुंड_चेकनाका
हे कलम माहीत नव्हतं, धन्यवाद वकीलसाहेब. तड्याबद्दलचं माझं मत मागे घेतो, उघडाच ठेवा. पावसाबद्दलचं अजून बदललेलं नाही.

घाटमाथा
भूशास्त्र शिकलोय आणि ह्याच कामात आहे, त्यामुळे तडा शब्द वाचून थांबलो. तडा कुठल्या दिशेने जातोय, रुंदी किती, कड्याला समांतर आहे का, हे लिहा. आणि कड्यापासून घर किती आत आहे?

थोडं सविस्तर लिहितो कारण माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी कुठेही दरीकाठी घर बघणाऱ्याला उपयोगी पडेल. माथेरानचा माथा जांभ्याचा, त्याच्या खाली काळा बेसॉल्ट, आणि दोघांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर. वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे सांताक्रूझच्या दुपटीहून जास्त. जांभा चाळणीसारखं ते पाणी खाली सोडतो. खाली चिकणमातीवर ते अडतं, आडवं वाहत कड्याच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. झऱ्याबरोबर ती मऊ माती थोडी थोडी धुपत राहते, वरचा जांभा अधांतरी राहतो आणि कधीतरी त्याचा मोठा तुकडा सुटतो. दरीकाठच्या घराला धोका वरून पडणाऱ्या पाण्याचा असतोच, पण जास्त धोका आत मुरणाऱ्या पाण्याचा. छताचं, न्हाणीचं, टाकीचं पाणी घराच्या दरीकडच्या अंगाला मुरत असेल तर तुम्ही स्वतः त्या थराला पाणी पाजताय.

बघायचं काय? जमिनीवर कड्याला समांतर जाणारी भेग. एका बाजूला कललेली झाडं किंवा कुंपणाचे खांब. पूर्वी नीट लागणारं आणि आता अडकणारं दार. दरीकडच्या बांधाची पोटात आलेली भिंत. बांधाच्या भोकांतून येणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ. स्वच्छ असेल तर बांध आपलं काम करतोय, गढूळ असेल तर मागची माती जातेय. आणि ही शेवटची खूण फक्त पावसात दिसते. डिसेंबरमध्ये भोकं कोरडी असतात, कोणाला काय कळणार? त्यामुळे ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, दरीकाठचं घर जुलैतच बघावं.

माळीण (30 जुलै 2014) किंवा इथून जवळची इर्शाळवाडी (19 जुलै 2023), ही नावं आली की लोक घाबरून सगळे डोंगर एका मापाने मोजतात. ती गावं तीव्र उताराच्या अंगावर आणि पायथ्याशी होती, वरून माती खाली आली. माथ्यावरच्या घराचा प्रश्न वेगळा आहे, तिथे पायाखालचं काय होतं ते बघायचं. पण दोन्हीकडे कारण एकच, आत मुरलेलं पाणी.

दादर_पूर्व
किती छान समजावलंत, घरच्यांना वाचून दाखवलं.

घर कड्यापासून बरंच आत आहे, मधे झाडी आहे, ती वनखात्याच्या हद्दीत. तडा कड्याला समांतर नाही, कोपऱ्यातून तिरका वर जातो, खिडकीच्या खालपर्यंत. तो 2005 च्या पावसानंतर दिसायला लागला. त्याच पावसात, 26 जुलैला, नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीची लाइन वाहून गेली होती, ती परत सुरू व्हायला 2007 उजाडलं. आमच्या बाबतीत कारण इंजिनियरने शोधलं ते असं, की मागच्या पडवीला पन्हळ नव्हती, सगळ्या पडवीचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात कोसळायचं आणि पायाशी मुरायचं. पाया उघडून बघितला तेव्हा चिरे शाबूत होते, खालची माती बसली होती. तिथे दगड भरून काँक्रीटचा पट्टा घातला, पडवीला पन्हळ लावली, आणि पाणी बंदिस्त गटाराने पुढच्या बाजूला, दरीच्या उलट दिशेला नेलं. संडासाची टाकीही त्याच कारणाने पुढे घेतली. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवलीय, भिंत हलली तर काच फुटेल, ती फुटलेली नाही. म्हणूनच मला ती रंगाखाली घालवायची नाहीये, तोच तर आमचा पुरावा आहे.

जोत्याचं माप मात्र वाढवलेलं नाही. आधी होतं तेवढंच.

घाटमाथा
मग काम योग्य दिशेने झालंय. तिरका तडा आणि कोपरा बसलेला, हे पायाशी मुरलेल्या पाण्याचं नेहमीचं लक्षण. काचेची पट्टी अजिबात काढू नका. इंजिनियरचा अहवाल, पाया उघडल्याचे फोटो, हे सगळं घेणाऱ्याच्या हातात द्या. नवीन मालकाला माझा एकच निरोप, तिथे व्हरांड्यासमोर स्विमिंग पूल किंवा मोठी लॉन करून रोज पाणी मारू नका.

नेरळकर
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचं कुटुंब पिढ्यानपिढ्या माथेरानात कामाला, माझे वडील बंगल्यांचे माळी होते.

दुरुस्तीचा खर्च ऐकून मुंबईचे लोक म्हणतात एवढा कसा? अहो, दस्तुरीपर्यंत ट्रक येतो, तिथून सिमेंटची प्रत्येक गोणी, प्रत्येक टाइल, कमोडसुद्धा घोड्याच्या पाठीवर जातं. घोड्यावर दोन गोण्या, त्यात रेती ओली असली की वजन वेगळंच. काम जे काही ते ऑक्टोबर ते मे, पाऊस लागला की संपलं. गवंडी नेरळ-कर्जतहून रोज वर चढतात. त्यामुळे दुरुस्त झालेलं घर मिळणं ही तिथे फार मोठी गोष्ट आहे, त्याचे पैसे ताईंनी जरूर मागावेत, लाजू नये.

घेणाऱ्याने एक विचारायचं, माळी कोण आहे आणि तो राहणार का. मे संपता संपता कौलं शाकारायची, व्हरांड्याला झडीसाठी ताडपत्री बांधायची, पन्हळीतला पाला काढायचा, गाद्या-पुस्तकं उंचावर, भिंतीपासून लांब. माकडं कौलं उचकटतात, एक कौल सरकलं आणि कोणी बघणारं नसलं की त्या एका भोकातून आलेल्या पाण्याने वाशाला वाळवी लागते. सप्टेंबरात कुलूप उघडलं की आत बुरशीचा थर. घर दगडाचं असो की काँक्रीटचं, चार महिने रोज कोणीतरी दार उघडून वारा खेळवायला पाहिजे, चूल पेटवली तर अजून चांगलं. माळ्याचा पगार हा त्या घराचा खरा मेंटेनन्स समजा.

गिलावा चुन्याचा केलात का सिमेंटचा?

दादर_पूर्व
चुन्याचा. मधे कधीतरी दरीकडच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारला गेला होता, आतून त्या भिंतीचे कायम पापुद्रे सुटायचे, दरवर्षी रंग दिला तरी. गवंडीबाबा म्हणाले जांभा पाणी पितो आणि सोडतो, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत तर ते पाणी आतल्या बाजूने येणारच. सगळं सिमेंट टाचून काढलं, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू दिली आणि मग चुना. आता पावसाळ्यात भिंत दमट होते पण रंग सुटत नाही, आणि दिवाळीपर्यंत खडखडीत कोरडी. माळीदादा आहेत, नवीन मालकाकडे राहायला तयार आहेत, त्यांची खोलीही दुरुस्त करून दिलीय.

गिरगावची_सून
मी गेले कित्येक महिने असंच घर शोधतेय. चाळीतल्या खोलीचं रिडेव्हलपमेंट झालं, थोडे पैसे हाताशी आहेत, आणि नवऱ्याला आणि मला दोघांनाही डोंगर हवाय, क्लब हाऊस नकोय. पण घाबरवणारे प्रश्नही आहेत, मोकळेपणाने विचारते.

सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, आमच्याबरोबर येणार. त्या दस्तुरीपासून घरापर्यंत कशा पोचणार? रात्री काही झालं तर? उन्हाळ्यात पाणी येतं का? आणि व्हरांड्यासमोरची झाडं वाढून दरी झाकली गेली तर फांद्या छाटता येतात का?

दादर_पूर्व
अगदी हेच प्रश्न विचारायला हवेत. झाडांपासून सुरू करते, फांदीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि समोरची झाडी तर आपल्या हद्दीतही नाही. माथेरान 4 फेब्रुवारी 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. आमच्या लहानपणी व्हरांड्याच्या डाव्या टोकालाही मोकळी दरी दिसायची, आता तिथे एक मोठं जांभळाचं झाड आलंय. ज्याला उद्या अख्खा व्ह्यू मोकळा करून हवाय त्याने हे घर घेऊ नये, मी आधीच सांगतेय. पण त्याच नियमामुळे तुमच्या पुढ्यात कोणी सात मजली रिसॉर्टही बांधणार नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पाणी एप्रिल-मेमध्ये ठरावीक वेळीच येतं, आम्ही साठवणाची टाकी मोठी करून घेतलीय.

नेरळकर
सासूबाईंचं मी सांगतो. दस्तुरीजवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरान बाजारापर्यंत शटल गाडी चालते, पावसाळ्यातही चालू असते, नेरळहून वर येणारी लाइन मात्र पावसाळ्यात बंद. ई-रिक्षा आहेत. हाताने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश ऑगस्ट 2025 मध्ये आला, आणि ते बरंच झालं, माणसाने माणसाला ओढायचं काम ते, माझ्या चुलत्यांनी आयुष्य घालवलं त्यात. पण बाजाराच्या पुढे, पॉइंटच्या अंगाला, लाल मातीची वाट. पावसात निसरडी. तुमच्या सासूबाईंना काठी घेऊन चढ-उतार जमत असेल तर हरकत नाही, नाहीतर घोडा, नाहीतर डोली. ॲम्ब्युलन्सला गाडीबंदीतून सूट आहे, गावात हॉस्पिटल आहे, पण मोठं काही झालं तर घाट उतरून खाली यावं लागतं आणि रात्री-पावसात त्याला वेळ लागतो. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाने पावसाळ्यात तिथे मुक्काम करू नये हे माझं मत.

हिशेबनीस
करावर कोणी बोललं नाही म्हणून थोडं. 2001 च्या आधीची मिळकत असल्याने खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून ती काढून घ्या, ती त्या तारखेच्या सरकारी बाजारमूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के, महागाई निर्देशांक न लावता. पण भारतात राहणाऱ्यांना, मिळकत त्या तारखेच्या आधीची असेल तर, निर्देशांक लावून 20 टक्के हा पर्यायही आहे, दोन्ही करून बघा आणि जो कमी तो. कॅनडातल्या भावाला तो पर्याय नाही, आणि त्याच्या हिश्शावर घेणाऱ्याने कापायचा टीडीएसही तुमच्यासारखा 1 टक्का नसून बराच जास्त असतो, हे करारातच लिहून ठेवा म्हणजे ऐनवेळी वाद नकोत. 1 टक्क्याला 50 लाखांची मर्यादा आहे, ती 1 ऑक्टोबर 2024 पासून सगळ्या विक्रेत्यांची एकत्र किंमत धरून मोजतात, प्रत्येकाचा हिस्सा वेगळा नाही.

दुरुस्तीचा खर्च किमतीत धरता येतो, पण पुरावा लागतो. घोडेवाल्यांना रोख दिलेत ना? व्हाउचरवर सह्या आहेत का?

दादर_पूर्व
आहेत! बाबा बँकेतून निवृत्त झालेत, एकही पैसा सहीशिवाय दिलेला नाही. वही आणि व्हाउचर सगळं आहे.

मुलुंड_चेकनाका
माझा अजून एक प्रश्न, थोडा वेगळा. तुम्ही म्हणता राहणाऱ्या कुटुंबाला द्यायचंय. समजा जास्त पैसे देणारा आला आणि त्याला तिथे होमस्टे किंवा हॉटेल काढायचंय, मग? तुम्ही पाच-सहा वारस, एक जण जरी म्हणाला की मला जास्तीचे पैसे हवेत तर? आणि आज कुटुंब म्हणून घेतलं आणि दोन वर्षांनी खोल्या भाड्याने दिल्या तर तुम्ही काय करणार?

काळा_कोट
विकून झाल्यावर काही करता येत नाही. मालकी पूर्ण दिली की घेणाऱ्याने ती कशी वापरावी अशी अट घालून त्याला बांधता येत नाही, त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 11 बघा. तुमच्या बाबतीत जी काही अडकाठी असेल ती सरकारच्या पट्ट्यातल्या वापराच्या अटीतून आणि इको-सेन्सिटिव्ह झोनच्या नियमांतून येईल, आणि ती कुटुंबाच्या इच्छेपेक्षा भक्कम आहे. पट्ट्यात फक्त निवासी लिहिलं असेल तर ते ठळक करून प्रत्येक इच्छुकाला पाठवा, हॉटेलवाले आपोआप बाजूला होतात.

दादर_पूर्व
पट्ट्यात निवासी वापर आहे, आजच परत वाचला. पैशाचं म्हणाल तर आमच्यात ते बोलणं झालंय, आणि सोपं नव्हतं ते. धाकट्या काकांच्या मुलाला घराचं कर्ज आहे, त्याला जास्त रक्कम हवी वाटणं साहजिक आहे, त्याला कोणी लोभी म्हणू नये. शेवटी मोठी आत्या म्हणाली की जो आधी येईल आणि घर पावसात बघून योग्य किंमत देईल त्याला द्या, जास्तीसाठी वर्षभर थांबलो तर एक पावसाळा अजून जाईल आणि तो आपल्याच खिशातून जाईल. हिशेबाने बघितलं तरी ते बरोबर आहे, कारण बंद घराचा एक वर्षाचा खर्च, माळ्याचा पगार, पट्ट्याचं भाडं, शाकारणी, सगळं आम्हीच भरतोय. त्यावर सगळे हो म्हणाले, कॅनडातूनही.

एजंटला मी कळवलंय की जुलैत दाखवणार, तडा उघडा राहणार, आणि जाहिरातीत दरीचा फोटो असेल तर शेजारी ढगातला फोटोही असेल. तो नाराज आहे.

मुलुंड_चेकनाका
घाटमाथा यांचं भोकांतल्या पाण्याचं वाचल्यापासून मी माझ्या लोणावळ्याच्या बंगल्याच्या बांधाबद्दल विचार करतोय. ह्या शनिवारी जाऊन बघणार आहे गढूळ येतंय का. पावसात दाखवा हो ताई, मला पटलं. ज्याला ते बघूनही घर हवंय तोच टिकेल.

घाटमाथा
बघा आणि फोटो टाका. दोन-तीन तास जोराचा पाऊस पडून गेल्यावर बघायचं, आधी नाही.

गिरगावची_सून
मी सासूबाईंना नेरळकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, पावसाळ्यात मी गिरगावातच राहीन, तुम्ही जा, मी नोव्हेंबर ते मे येईन, घोड्यावर बसायची मला भीती वाटत नाही. तेव्हा आम्हाला बघायचंय. ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. पट्ट्याची प्रत आणि इंजिनियरचा अहवाल आधी पाठवाल का? आमचे ओळखीचे वकील कर्जतला आहेत, ते नोंदी बघतील, मग जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येऊ.

दादर_पूर्व
दोन्ही पाठवलेत, बरोबर पाया उघडल्याचे फोटोही. वारस नोंद आणि हस्तांतरणाची परवानगी होईपर्यंत तुमच्याकडून एक रुपयाही घेणार नाही, वकीलसाहेबांनी सांगितलंय तसं.

येताना कर्जत लोकलने नेरळला उतरा, घाटाची टॅक्सी करून दस्तुरी, पुढे शटल. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटी होते, रेनकोट आणा आणि तळ घट्ट असलेले बूट. रात्री मुक्काम करा, एका फेरीत दिवसा बघून परत जाऊ नका, कारण छत गळतं का, भिंत किती दमट होते, वीज किती वेळा जाते हे रात्रीच कळतं. जेवायला माळीदादांच्या घरून भाकरी आणि पिठलं येईल. मी आणि धाकटी आत्या दोघी असू, बांधाची भोकं आत्या दाखवेल, तिला सगळी पाठ आहेत.

नेरळकर
आणि पिशवीतला खाऊ हातात धरून चालू नका, माकडं घेऊन जातील.